फॉक्सप्रोचा उन्हाळा

मे संपत आला की बदलापुरातल्या विजेच्या खांबांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. वधू-वर मेळावा, नगरसेवकाचा वाढदिवस आणि त्यांच्या डोक्यावर कॉम्प्युटर क्लासचे फ्लेक्स. पायथन शिका, डेटा सायन्स शिका, नोकरीची हमी. फोटोत एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून हसत असते. दर वर्षी मुलगी बदलते, हसू तेच. मी कोथिंबीर आणि करवंदांचा द्रोण घेऊन तिच्याखालून जाते आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने क्लासच्या जाहिरातीवर चिडावं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. म्हणून सांगत नाही. आज लिहून टाकते.

लोकांच्या आठवणीतल्या उन्हाळ्यांना फणसाचा, मोगऱ्याचा वास असतो. माझ्या त्या उन्हाळ्याला वास आहे उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका पहिल्या मजल्याचा. एसीतून बादलीत ठिबकणारं पाणी, दाराबाहेर काढलेल्या ढीगभर चपला, खालून येणारा तळलेल्या पापडांचा घमघमाट आणि मागच्या नाल्यातून वर येणारा जीन्सच्या रंगाचा आंबूस वास. तो नाला त्या दिवसांत कधी निळा वाहायचा, कधी जांभळा. शेअर रिक्षातून उतरले की मी आधी नाल्याचा रंग बघायचे. काही कारण नव्हतं. तेव्हा सगळंच बघावंसं वाटायचं.

नव्वदचं दशक निम्म्याच्या पुढे सरकलं होतं. आम्ही अंबरनाथ पूर्वेला, कंपनीच्या जुन्या कॉलनीत राहायचो. बाबा केमिकल कंपनीत खरेदी विभागात ऑफिसर. दादा नोकरीला बडोद्यात. आई आदल्या वर्षी गेली होती. घरात मी आणि बाबा, दोघंच. मी नुकतीच एमएस्सीची शेवटची परीक्षा दिली होती, मायक्रोबायोलॉजीची, आणि डोक्यात एकच खूळ होतं.

ते खूळ कॉलेजात शिरलं होतं. पुण्याहून एक पाहुणे प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. येताना त्यांनी त्या काळच्या प्रिंटरचा जोडकागद आणला होता, दोन्ही कडांना भोकं असलेला, पंख्यासारखी घडी घातलेला. त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं धरून ते मागे मागे चालत प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेले. कागदभर चारच अक्षरं. ए, सी, जी, टी. पुन्हा ए, पुन्हा जी. ते म्हणाले, एका जिवाणूचं हे एवढंसं जनुक आहे, आणि हे वाचायला आता सूक्ष्मदर्शक पुरणार नाही, कॉम्प्युटर लागेल. बाकीची मुलं घड्याळ बघत होती. मी कागद सोडेना. पेट्री डिशमध्ये रोज दिसणारे ते पिवळट ठिपके, त्यांना वास असतो, चिकटपणा असतो, त्यांच्या आत असं काही लिहिलेलं असतं, आणि ते मला वाचता येईल! प्रेमात पडणं म्हणतात ते हेच असावं. पुढे लग्न झालं तेव्हाही एवढं धडधडलं नव्हतं.

या विषयाला बायोइन्फर्मेटिक्स म्हणतात, आणि पुण्यात त्याचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, हे त्यांनीच सांगितलं. जागा अगदी मोजक्या. जुलैत मुलाखत. प्रोग्रॅमिंग थोडं यायला हवं, एवढं म्हणाले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. कुठली भाषा, हे विचारायचं राहिलं. विचारायचं असतं हे तरी कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, कॉम्प्युटरची एक भाषा असते.

एक नसते, हे उल्हासनगरच्या भिंतींनी शिकवलं. कोबोल, पास्कल, फोरट्रान, सी, फॉक्सप्रो. फर्निचर बाजारापासून स्टेशनपर्यंत रंगवलेली ही नावं वाचत मी घरी आले आणि जेवताना बाबांना म्हणाले, "यातली नक्की कुठली?"

बाबा म्हणाले, "सबनीसांना विचारू की."

आमच्या कॉलनीत असंच असायचं. कुणाच्या मुलाने पुढे काय करावं हे आईबाप ठरवत नसत, मूल तर नाहीच नाही. निकाल लागले की लोक पेढ्यांचा पुडा घेऊन सबनीसकाकांकडे जायचे. काका बाबांच्याच कंपनीत कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. तळमजल्यावर राहायचे, अंगणात वेताची खुर्ची. गुणपत्रिका हातात घेत, चष्मा कपाळावर सरकवत आणि एका शब्दात निकाल देत. "डिप्लोमा." "कॉमर्स." "टायपिंग." समोरचा मुलगा मग तेच करायचा. इंजिनिअर व्हायला निघालेल्याला काकांनी बँकेच्या परीक्षेला बसवलं, आणि तो आजही बँकेत आहे, बिचारा. कुणी उलटून विचारलं नाही. जाणकार माणसाने सांगितलंय, मग आपण कोण?

मीही पेढे घेऊन गेले. निकाल लागायचा होता तरी. बाबा सोबत होते. मी काकांना तो लांब कागद, ती चार अक्षरं, सगळं हातवारे करून सांगितलं. काकांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, "असं अंदाजपंचे नाही सांगत मी. पुण्याला फोन करून विचारतो. ऑफिसातून एसटीडी आहे आपल्याकडे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी बोलावलं. बाबा आधीच तिथे बसलेले होते, चहाचा कप रिकामा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, एकदा बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, "फॉक्सप्रो."

"नक्की ना काका?"

"अगं, जनुकं म्हणजे शेवटी काय? डेटाच. आणि डेटा म्हटला की फॉक्सप्रो. कॅम्प चारला किशन सरांचा क्लास चांगला आहे. लांब जायची गरज नाही."

केवढा आनंद झाला मला! त्यांच्या पाया पडले. त्या नमस्काराची आजही लाज वाटते, माझी नव्हे, त्यांची.

किशन सर उंच, गोरे, कपाळावर गंध आणि शर्टाच्या खिशाला चार पेनं. सिंधी ढंगाच्या हिंदीत शिकवायचे. "देखो साईं, मशीन गधा है. जितना बोलोगे उतना करेगा. ज्यादा नहीं, कम नहीं." क्लासचा नियम कडक. चपला बाहेर, पाय पुसून आत, जणू देवघरात चाललोय. आणि मशीनला हात लावण्याआधी प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, स्वतः मशीन होऊन ओळ न् ओळ चालवून बघायचा. याला ड्राय रन म्हणायचे. ड्राय रन चुकला की मशीन नाही, परत बाकावर.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, आणि लाइटही शुक्रवारीच जायची. मग शुक्रवारी क्लासमध्ये नुसताच ड्राय रन. एसी बंद, खिडक्या सताड उघड्या, खाली कुणीतरी भर उन्हात पलंगाला पॉलिश मारतोय, आणि आम्ही घामेजल्या हातांनी कागदावर आकडे पुढे सरकवतोय. बाकीची मुलं पगारपत्रक करायची, मालाचा साठा करायची. मी एकटी जिवाणू करायचे. सरांना त्याची गंमत वाटायची. "नीला मॅडम का कीड़ा कहाँ तक पहुँचा?" असं रोज विचारायचे.

किडा अडकला होता. फॉक्सप्रोच्या एका खान्यात अडीचशेच्या आसपासच अक्षरं मावायची. माझं जनुक त्याच्या कितीतरी पट लांब. मग मी त्याचे तुकडे केले, एकेक तुकडा एकेका खान्यात भरला आणि हवा असलेला शब्द, म्हणजे त्या चार अक्षरांचा ठरावीक क्रम, प्रत्येक खान्यात शोधत गेले. चालायचं. पण शब्द बरोबर दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे, की मशीनला तो दिसायचाच नाही. ते सांधे जोडण्यासाठी मी पानंच्या पानं लिहिली. मला वाटायचं, विषयच अवघड आहे. अवघड आहे म्हणूनच मोठा आहे. भाषाच चुकीची आहे, हे मनाला शिवलं नाही. ती तर सबनीसकाकांनी सांगितली होती.

आणि बाबा! त्या उन्हाळ्यातले बाबा आठवले की माझा अजून गोंधळ होतो. संध्याकाळी रिक्षा स्टँडवर येऊन उभे राहायचे. आई गेल्यावर त्यांनी स्वयंपाक शिकून घेतला होता, डाळ पातळ व्हायची पण आमटी म्हणून खपायची. जेवणानंतर मी त्यांना सांध्यांची गोष्ट सांगायचे. ते पायरीच्या फोडी करत ऐकायचे आणि कोय स्वतःला ठेवून फोडी माझ्या ताटलीत सरकवायचे. म्हणायचे, "जमेल गं. तू हुशार आहेस." सगळं ठाऊक असताना म्हणायचे. फोडी करणारा हात जराही थांबायचा नाही.

जुलैत पुण्याला गेले. एकटीच. मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. बोलत होत्या त्या एक बाई, पांढरी सुती साडी, आखूड केस, आवाज मऊ. जीवशास्त्रावर त्यांनी खूप विचारलं आणि मी भडाभडा उत्तरं दिली. त्या खूश होत्या, मला दिसत होतं. मग म्हणाल्या, "प्रोग्रॅमिंग काय केलंय?" मी अभिमानाने माझे कागद पुढे केले. त्यांनी चाळले. सांध्यांपाशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. रागावल्या नाहीत. त्याहून वाईट, त्यांना वाईट वाटलं.

"इकडे या," म्हणाल्या. बाजूच्या मशीनवर त्यांनी एक ओळ टाइप केली. दोन तिरक्या रेघा, मध्ये मी शोधत होते तो शब्द. बस. एंटर मारलं आणि सगळे शब्द, सांध्यावरचे, बिनसांध्याचे, भराभर खाली उतरले. सांधेच नव्हते मुळी. अख्खं जनुक एका दोरीसारखं सलग होतं.

"याला पर्ल म्हणतात. इथे सगळं याच्यावर आणि सीवर चालतं, युनिक्सवर. तुम्हाला हे फॉक्सप्रो कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, आमच्या ओळखीच्या एकांनी इथे फोन करून विचारलं होतं, अंबरनाथहून.

"सबनीस ना?" बाई म्हणाल्या. "मीच बोलले त्यांच्याशी. बराच वेळ. पर्ल म्हणून नाव लिहून घेतलं त्यांनी, दादरला कुठे शिकवतात तेही विचारून घेतलं. तुमचं खूप कौतुक करत होते."

त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या." जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मिळायलाच हवी होती.

काका अंगणात वेताच्या खुर्चीवर होते. मी फाटकातूनच विचारलं, "तुम्हाला पर्ल सांगितलं होतं ना?"

ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी कधी उठले नव्हते. म्हणाले, "मी तुझ्या बाबांना सगळं सांगितलं होतं बाळ. पर्ल, दादर, सगळं. ते म्हणाले, सबनीस, काहीतरी जवळचं सांगा. ही पण गेली तर मी त्या घरात काय करू? रडत होते गं. मला नाही म्हणवेना."

"नाही म्हणवेना. आणि खोटं बरं सांगवलं?"

त्या अंगणात त्यांना असं कुणी कधी विचारलं नसावं.

घरी बाबांनी दार उघडलं. माझं तोंड बघून काय ते समजले, निदान अर्धं तरी. "नाही झालं?" म्हणाले. "असू दे. इथे काय कमी आहे?" आणि कुकर लावायला आत गेले. मी बोलले नाही. भांडायला समोर कुणीतरी दुष्ट लागतो, आणि समोर होते ते डाळीत पाणी जास्त घालणारे बाबा. दुष्ट माणसाने फसवलं तर निदान आरडाओरडा करता येतो. मायेने फसवलं की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढच्या वर्षी या, म्हणाल्या होत्या बाई, पण पुढच्या वर्षाआधी बदलापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली. रंग बनवणारी कंपनी, मालाचा साठा, फॉक्सप्रो. त्यानंतर लग्न, त्यानंतर मुलगा. दिवस कसे गेले वगैरे म्हणायची पद्धत आहे. मला चांगले ठाऊक आहेत कसे गेले ते. पिंपं मोजत गेले.

सगळ्यात जास्त राग मला कधी आला सांगू? मुलगा कॉलेजात गेला, घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा एका दुपारी मी पर्ल शिकले. आपलं आपण, घरात बसून. संध्याकाळचा चहा व्हायच्या आत मी ती ओळ लिहिली, दोन तिरक्या रेघा आणि मध्ये शब्द, आणि जनुक सलग उलगडलं. एका दुपारचं काम! एवढ्याशा गोष्टीसाठी मला अडवलं होतं. डोंगर ओलांडायचा नव्हता, समुद्र नव्हता. त्या दुपारी मी हमसून हमसून रडले. मुलाला वाटलं फाईल उडाली.

आणि आणखी एक गोष्ट आहे, जी मी कुणाला सांगितलेली नाही. बाबा नुसतं "जाऊ नकोस" म्हणाले असते तर मी बहुतेक राहिले असते. आईला जाऊन वर्ष झालं होतं, त्यांना टाकून जाताना माझाही पाय निघत नव्हता. चिडले असते, रडले असते, पण राहिले असते, आणि मग ते राहणं माझं झालं असतं. त्यांनी मला राहायलाही दिलं नाही. नुसतं ठेवून घेतलं.

बाबा आता माझ्याकडेच असतात. पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत, कान जेमतेम, टीव्ही मोठ्याने. त्यांची औषधं, त्यांची मऊ पोळी, सगळं मी करते. मनापासून करते, यात काही नाटक नाही. राग आणि काळजी एकाच घरात गुण्यागोविंदाने राहतात, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. कॉलनी पाडून टाकली, तिथे टॉवर झाले, पालेगावापर्यंत सगळे टॉवरच. सबनीसकाका कधीच गेले. त्यांच्या तेराव्याला मी गेले नाही.

गेल्या रविवारी दादाची ऋचा आली होती. बीएस्सीचं शेवटचं वर्ष संपलंय, बायोटेक. जेवण झालं आणि सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणाली, "आत्या, एक सांग ना यार. बायोइन्फर्मेटिक्सला जायचंय, बंगलोरला. पायथन शिकू की आर? सब लोग अलग अलग बोलतात."

मी तोंड उघडायच्या आत बाबा टीव्हीसमोरच्या खुर्चीतून बोलले. नको तेव्हा त्यांना बरोबर ऐकू येतं. "आत्याला विचारतेस ते बरोबर आहे. हिला कॉम्प्युटरला मीच घातलं. घराजवळ क्लास, घराजवळ नोकरी. कुठे जायला लागलं नाही. चांगलं झालं की नाही गं, नीलू?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी किती लोकांसमोर विचारला असेल. दर वेळी मी "हो बाबा" म्हटलंय आणि उठून कामाला लागलेय. त्या दिवशी मी उठले नाही.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"नाही बाबा. चांगलं नाही झालं. सबनीसकाकांनी पुण्याला फोन केला होता. पर्ल शिकायला सांगितलं होतं तिथून. तुम्ही ते मला सांगू दिलं नाहीत."

ऋचाने पाय खाली घेतले. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग आपल्या हातांकडे. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

म्हणाले, "तू गेली असतीस."

"विचारायचं होतंत."

मी ऋचाकडे वळले. "मला वाटतं पायथन आधी. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, आणि घरात दुसऱ्या कुणालाही विचारू नकोस. जिथे शिकायचंय तिथला नंबर काढ आणि उद्या सकाळी तू स्वतः बोल. स्वतःच्या कानांनी ऐक. सांगतील ते शीक, आणि मिळालं तर जा."

"आणि पप्पा नाही म्हणाले तर?"

"तर ते तोंडावर म्हणू देत. मग तू ठरव."

तिने फोनवर नंबर शोधायला घेतला. तो मोठ्याने वाचून ती मला लिहून घ्यायला सांगू लागली, पण टीव्हीच्या गोंगाटात आकडे ऐकू येईनात. बाबांनी चाचपडत रिमोट घेतला आणि आवाज कमी केला. म्हाताऱ्या माणसाने तेवढं केलं. मला ते पुरलं नाही. आजही पुरत नाही.